बुधवारी साडेपाचला उठणारा माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि पाणीपुरवठा खात्याचे संचालक माननीय फुकाझावा साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले उपसंचालक उन्नो साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते विभागप्रमुख आणि माझे स्नेही ताकिनामी. त्यांच्या शेजारी त्यांच्यापेक्षाही ताठ बसलेल्या हारुए वहिनी. एप्रिलपासून ताकिनामींच्या खुर्चीवर बसणाऱ्या ओसादाबाई. आणि मिनोहारा नगरपालिकेतील बंधुभगिनींनो,

मला शेवटी बोलायला ठेवलं आहे. ओदेनच्या भांड्यात आता नुसता काळा रस्सा उरलाय आणि त्यात एकच मुळ्याचा तुकडा आहे. तो कोणी घ्यायचा यावरून समोरच्या मेजावर मघापासून 'तुम्ही घ्या', 'छे छे, तुम्हीच' चाललंय. शेवटच्या वक्त्याचं काम तसं सोपं असतं. थोडक्यात आटपायचं, मग सगळ्यांनी एकदम एक टाळी वाजवायची आणि घरी जायचं. पण मी सारा जन्म शाळेत भाषा शिकवली. थोडक्यात आटपणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

अध्यक्ष साहेब हसताहेत. हसा. सातवीत वसंताची कविता म्हणताना तुम्ही दुसऱ्या कडव्यानंतर खिडकीबाहेर बघत नुसते उभे राहिला होतात. वर्गाला वाटलं, आता गुरुजी ओरडणार. मी ओरडलो नाही, कारण बाहेर उमेच्या झाडाची फुलं खरोखरच उमलली होती आणि मीही तिकडेच बघत होतो. पुढचं कडवं आपल्या दोघांनाही आठवेना. असो.

आज मला बोलावलं ते ताकिनामींच्या गौरवासाठी. पण दारात जोडे काढत होतो, तेवढ्यात तुमच्यापैकी तिघाचौघांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, भाषण लांबवू नका म्हणतील. तर एकजण कानाशी लागून म्हणाला, "गुरुजी, ताकिनामी साहेब चालले. आता आमच्या बुधवारचं काय?"

हा प्रश्न मोठा आहे. वहिनी, तुम्हाला याची कल्पना नसेल.

तुमच्या कार्यालयात बुधवार हा जादा काम न करण्याचा दिवस. साडेपाचला भिंतीवरच्या कर्ण्यातून गोड आवाजात घोषणा होते, की आज वेळेवर घरी जा, घरच्यांबरोबर जेवा. सगळे ऐकतात. काहीजण मानही डोलावतात. आणि पुन्हा कागदात डोकं घालतात! का? तर विभागप्रमुख उठलेले नसतात. विभागप्रमुख उठत नाहीत, कारण उपसंचालक बसलेत. उपसंचालक उठत नाहीत, कारण संचालकांच्या खोलीत दिवा आहे. आणि फुकाझावा साहेब, तुम्ही का बसून राहायचात? नव्या वर्षाला घरी आलात तेव्हा तुम्हीच मला सांगितलंत, "गुरुजी, बाहेर सगळे मान मोडून काम करताहेत. मी एकटा कोणत्या तोंडाने उठू?"

अशा या कार्यालयात एक माणूस दर बुधवारी घोषणा संपायच्या आत उठायचा, डबा पिशवीत टाकायचा, "मी आधी निघतो, माफ करा" म्हणायचा आणि खरोखरच निघायचा. साहेबच गेले म्हटल्यावर विभागातले बाकीचेही हळूहळू सुटायचे. कोणी मुलीला पोहायला न्यायला लागलं, कोणाचं लग्न जमलं. वराहूनही जास्त वाटा ताकिनामींचा, असं मी नाही, त्या वधूने लग्नात सांगितलं होतं.

पण हे असं पहिल्यापासून नव्हतं हं. त्यामागे एक विमान आहे.

ओइशींच्या तातामी चटयांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे आम्ही काही म्हातारे आणि ताकिनामींसारखे काही होऊ घातलेले म्हातारे बुधवारी संध्याकाळी जमतो आणि विमानं, जहाजं, इंजिनं यांच्या छोट्या प्रतिकृती जोडतो. बुधवारच का? तर बुधवारी दिलेला रंग पुढच्या बुधवारी पक्का वाळतो. आठवड्याची सोय निसर्गाने मुळात यासाठीच केली, असं ओइशींचं ठाम मत आहे. मी स्वतः माझ्या खेड्यातली लाकडी शाळा करतोय. फार वर्षं करतोय. आतापर्यंत जोडे ठेवायचं कपाट झालंय. मध्येच चंद्र उगवतो, कुठे पाऊस लागतो, मी खिडकीशी जाऊन बसतो. "गुरुजींची शाळा कायम सुट्टीवर," असं तिथे म्हणतात.

ताकिनामींचं तसं नाही. तेव्हा बुधवारी कार्यालयातून सुटतील तसे उशिरा यायचे, तरी त्यांनी एक प्रवासी विमान घेतलं होतं. शरद ऋतूत सुरू केलं आणि मे महिन्याच्या प्रदर्शनाला मांडायचं ठरवलं. खिडक्या अशा, की आत कोणी वर्तमानपत्र वाचत असेल असं वाटावं. आता, अशा विमानाचे डावे-उजवे दोन भाग चिकटवण्याआधी त्याच्या नाकात वजन भरावं लागतं. मासे धरायच्या गळाला लावतात ना, त्या शिशाच्या गोळ्या. त्या भरल्या नाहीत तर विमान मागे कलतं आणि शेपटीवर बसतं. एकदा चिकटवलं की मग नाक उघडता येत नाही. आमच्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

त्या गोळ्या भरायच्या नेमक्या बुधवारी साडेपाचला उन्नो साहेबांनी बैठक बोलावली. मान खाली घालू नका, साहेब, आपण घरचीच माणसं आहोत. सगळे बसले म्हणून ताकिनामीही बसले. आठपर्यंत बसले. पुढच्या बुधवारी ते आमच्याकडे आले, दोन्ही भाग घेतले आणि चिकटवून टाकले! गेल्या बुधवारचं काम गेल्या बुधवारी झालंच असणार, असं त्यांच्या हातांनी धरूनच चाललं. माणूस इतका नेमाचा असला की असं होतं.

मे महिना आला. प्रदर्शनात विमान मेजावर ठेवलं. लोक जमले, वा वा झाली. आणि विमानाने सावकाश, अगदी सभ्यपणे, नाक वर करायला सुरुवात केली. उत्तर येणारं मूल हात वर करतं ना, तसं. शेपूट टेकली. एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, उडतंय वाटतं!"

ताकिनामी वाकून नम्रपणे म्हणाले, "नाही आजी. बसलंय."

हारुए वहिनींनी डब्यातला चॉपस्टिक टेकवायचा चिनीमातीचा ठोकळा काढून शेपटीखाली सरकवला, म्हणून अब्रू राहिली. परत येताना गाडीत मी विचारलं, "अहो, त्या दिवशीच्या बैठकीत एवढं ठरलं तरी काय?"

"पुढची बैठक कधी घ्यायची ते," ताकिनामी म्हणाले.

त्यानंतरच्या बुधवारपासून ते उठू लागले.

आता साहेब असे दर बुधवारी नेमाने कुठे जातात, यावर कार्यालयात काय काय तर्क लढले म्हणता! कोणी म्हणे गुडघा दुखतो, मालिशला जातात. कोणी म्हणे गाण्याची शिकवणी आहे. कपड्यांना कसलासा उग्र वास येतो, हे फक्त ओसादाबाईंच्या लक्षात आलं. तो रंग पातळ करायच्या द्रवाचा वास, पण बाईंना वाटलं, साहेबांना काही भलतंच व्यसन लागलं. काळजीपोटी बाई एका बुधवारी सायकलवरून त्यांच्या मागे आल्या. जिना चढल्या, दार सरकवलं. आत आम्ही सगळे माना खाली घालून, श्वास रोखून एका मेजाभोवती बसलेलो. बाई दारातच गुडघ्यावर बसल्या, हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं नाही, जातंय," ओइशी ओरडले. "पंख निसटतोय! बाई, आधी तो धरा!"

बाईंनी धरला. पंख धरला की चिकटेपर्यंत सोडता येत नाही. त्यांच्या पिशवीत फोन वाजला. थांबला, परत वाजला. "कार्यालयातून असेल हो," बाई कळवळून म्हणाल्या. ताकिनामी म्हणाले, "असेल. हात हलवू नका." शेवटी फोनही दमला. थोड्या वेळाने बाई कोणाला उद्देशून नाही अशा बोलल्या, "काहीही न करता अशी मी कधी बसले होते बरं?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही विमान पेललंय, काहीही न करता कसं म्हणता?" तेव्हा त्या हसल्या. कार्यालयात त्यांना हसताना कोणी पाहिलंय का, मला माहीत नाही. समोरच्या मेजावरचे चेहरे 'नाही' म्हणताहेत.

त्यांनी हे गुपित कोणाला सांगितलं नाही. पुन्हा कधी आल्याही नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं, "गुरुजी, वेळ कुठे असतो?" विभागात सगळ्यांत शेवटी दिवा त्याच घालवतात असं ऐकतो. आणि एप्रिलपासून त्याच विभागप्रमुख. म्हणजे मघाशी दारात मला विचारलेला प्रश्न तुम्हाला आता नीट कळला असेल. बाई उठल्या नाहीत, तर कोणीच उठणार नाही.

ताकिनामी, तुम्हाला मात्र एक सावधगिरीची सूचना. मी निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता सातही दिवस आपलेच, शाळा उभी राहणार. वर्षभरात एक फळी कापली नाही. उद्या करू, उद्या करू. वेळ चोरून काढावा लागतो तेव्हाच तो हाताला लागतो, असं काहीतरी असावं. तेव्हा तुम्ही बुधवारच धरून ठेवा. वहिनींनी तर आत्ताच मला बजावलंय, "बुधवारी त्यांना न्यायला विसरू नका हं, गुरुजी. बाकीचे दिवस मी सांभाळीन, पण सातही माझ्याच्याने व्हायचे नाहीत."

आज योगायोगाने बुधवारच आहे. आणि आता मला आभार मानायचे आहेत. अध्यक्ष फुकाझावा साहेबांचे, वर्गात मलाही ते कडवं आठवलं नव्हतं हे त्यांनी आजवर गुपित ठेवलं म्हणून. उन्नो साहेबांचे, त्यांच्या थोर मनाबद्दल आणि त्या ऐतिहासिक बैठकीबद्दल. या खानावळीच्या मालकीणबाईंचे. तसंच कार्यक्रमाची आखणी करणाऱ्या... कार्यक्रमाची...

अहो, ओसादाबाई? उभ्या का राहिलात? काही हवंय का? पाणी?

"नाही, गुरुजी. मी आधी निघते, माफ करा. ओइशींची खोली आठपर्यंत उघडी असते ना?"

असते! असते, बाई! जिन्यात दिवा नाही, जपून चढा!

फुकाझावा साहेब, अहो, माझ्याकडे काय बघता? गुरुजींचं भाषण संपल्याशिवाय उठायचं नाही, हे मी तुम्हाला सातवीत सांगितलं होतं. आज मागे घेतो. उन्नो साहेब, तुम्हीही उठा. ताकिनामी, तुमची पिशवी वहिनींच्या हातात आहे. आणि तो मुळा आता कोणीतरी खाऊन टाका.

बंधुभगिनींनो, बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर या म्हाताऱ्याला क्षमा करा. शेवटची टाळी जोडे घालता घालता वाजवली तरी चालेल.