अब्बांची निळी दोरी

हसा लेको, पण आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात मी लई शहाण्यासारखं बोलत होतो.

परीक्षकांनी विचारलं, "प्रभाव कुणाचा?"

मी एका फ्रेंच चित्रकाराचं नाव ठोकून दिलं.

"आणि रेषा इतक्या सरळ?"

"सराव, सर."

खरं तर निळीत बुडवलेली दोरी ताणून त्या रेषा अब्बांनी मारून दिल्या होत्या. गुलमंडीतल्या दुकानांचे बोर्ड ते तसेच रंगवायचे. अब्बा शेजारीच उभे होते.

"हे कोण?"

"चित्रं उचलायला आलेत," मी म्हणालो.

"व्हय साहेब," म्हणत अब्बांनी निळी बोटं खिशात घातली.

घरी आम्ही दखनीत बोलतो. सगळे गेल्यावर अब्बांनी चित्रं उचलली आणि मला मराठीत विचारलं, "साहेब, कुठं ठेवू?"