जर्दाळूखालचा खड्डा

हुलकर : नुसती वाळू आहे, काका. खांद्यापर्यंत हात घालून पाहिला.

तोशमात : तू आधी वर ये पोरी. रात्रभर बर्फात अडकलेल्या गाडीतून आलीस, अंगावरचा कोटसुद्धा काढला नाहीस. चहा घे. माझी कढई घासून होईस्तोवर गरम आहे.

हुलकर : जर्दाळूखालचाच खड्डा ना हा?

तोशमात : हो.

हुलकर : बाबांनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. बियाण्याची नव्वद गाजरं, डोकी वर, शेपटं खाली, एकाला दुसऱ्याचा स्पर्श नाही. मार्च लागला की काढून जमिनीत लाव म्हणाले. आज सव्वीस फेब्रुवारी आहे, काका. नव्वद गाजरं कुठे गेली?

तोशमात : मी घेतली.

हुलकर : कशाला?

तोशमात : कशाला म्हणजे? पुलावाला. तुझा बाप गेल्याचा विसावा दिवस होता आज. पहाटेपासून तीनशे माणूस जेवून गेलं. चाळीस किलो तांदळाला चाळीस किलो गाजर लागतं, हे तुला मी सांगायचं? घरखर्चाच्या गाजरांचा खड्डा उघडला. वरची गाजरं चांगली निघाली आणि खाली लगदा. सगळी मिळून पंचवीस किलोही भरेनात.

हुलकर : मग बाजारातून आणायची.

तोशमात : बाजारात सगळी केशरी, आपली पिवळी नाहीतच. तुझ्या बापाच्या, एर्नझरच्या पुलावात केशरी गाजर? कबरीतून उठून माझ्या हातातला झारा काढून घेतला असता त्यानं.

हुलकर : घेतला असता तर बरं झालं असतं. डोकी कुठे आहेत?

तोशमात : कसली डोकी?

हुलकर : चिरताना कापून टाकलेली. दोन बोटं गाजर जरी डोक्याला राहिलं असेल तरी ते जमिनीत धरतं. कुठे टाकली?

तोशमात : त्या बादलीत बघ. निम्मी मेंढ्यांना घातली काल, निम्मी आहेत.

हुलकर : ही? नखाएवढी तर आहेत! एवढी पातळ कापतात डोकी?

तोशमात : आता वाया नाही घालवायचं म्हणून मीच सगळ्यांना ओरडत होतो. अंगणात वीसजण सुऱ्या घेऊन बसलेले. म्हटलं, एर्नझरचं गाजर आहे, डोकं उडवताना कंजूषपणा करा. सगळे हसले. त्याच्याच गोष्टी चालल्या होत्या गं. गाजर चिरायला बसलं की माणसं मेलेल्याबद्दल चांगलंच बोलतात. तुझ्या बापाशी दहा वर्षं न बोललेला न्हावीसुद्धा आला होता. सगळ्यात बारीक त्यानं चिरलं.

हुलकर : आणि ही काचेसारखी झालीयत. बादली रात्री बाहेरच होती?

तोशमात : बाहेरच होती.

हुलकर : मग गेली. बोट लावलं की पाणी सुटतंय.

तोशमात : माझंच चुकलं, पोरी. घाई होती, अंधारून आलं होतं. हात पडला चुकीच्या खड्ड्यात.

हुलकर : काका, तीस वर्षं या गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला तुम्ही पुलाव शिजवताय. या खड्ड्याच्या मधोमध बोरूची पेंढी उभी आहे. बियाण्याच्या गाजरांना श्वास घेता यावा म्हणून असते ती. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

तोशमात : अंधार होता म्हटलं ना.

हुलकर : वर वीतभर गोठलेली माती होती. ती कुदळीनं फोडली असेल. चुकून?

तोशमात : तू बापावर गेलीस. उलटतपासणी घेत बसतेस. मी घेतली, माझ्या सुरीनं कापली, आणखी काय हवंय तुला? घाल शिव्या. बापाच्या ठिकाणी आहे मी, ऐकून घेईन.

(हुलकरची आई सालिहा आतल्या खोलीतून ओल्या हातांनी बाहेर येते आणि उंबऱ्यावर बसते.)

सालिहा : त्याला सोड. मी दाखवला खड्डा.

तोशमात : वहिनी, तुम्ही आत जा. थंडी आहे.

सालिहा : तो विचारत होता, आता काय करायचं. मी म्हटलं, जर्दाळूखालचा उघड. तो नको नको म्हणाला. तीनदा म्हणाला. मग मीच कुदळ आणून दिली.

हुलकर : आई, तुला माहीत होतं त्यात काय आहे?

सालिहा : मला? दर ऑक्टोबरात ती वाळू ओढ्यातून कोण आणायचं? चाळायचं कोण, उन्हात वाळवायचं कोण? एक्केचाळीस वर्षं. तो खड्ड्याच्या काठावर बसून एकेक गाजर हातात द्यायचा आणि मी लावायची. या खेपेला त्याला बसवत नव्हतं तर खाटेवरून निवडली त्यानं. टोपल्या मी आणल्या, मी नेल्या.

हुलकर : मग तुला हेही माहीत होतं की दुसरं बी नाही. गेल्या उन्हाळ्यात गारांनी सगळी फुलं झोडपली. डब्यात उरलेलं बी पाच वर्षांचं आहे, बाबांनी पेरून पाहिलं तर चार कोंब आले. हीच गाजरं पुन्हा जमिनीत गेली असती तर ऑगस्टात बी आलं असतं. नाहीतर आपलं हे शहदी वाण संपलं. बाबांच्या आजोबांपासूनचं.

तोशमात : गल्लीत कुणाकडे असेल की थोडं.

हुलकर : कुणाकडे? सगळे दरवर्षी बाबांकडून बी न्यायचे, पेरायचे आणि उपटून खायचे. दुसऱ्या वर्षासाठी एक तरी गाजर कुणी राखलंय? तुम्ही राखलंत?

तोशमात : एर्नझर होता ना. आम्ही कशाला राखू?

हुलकर : आई, का केलंस?

सालिहा : तीनशे माणसं जेवून काय म्हणाली असती? एर्नझरच्या शेवटच्या पुलावात बाजारचं गाजर होतं.

हुलकर : एवढंच?

सालिहा : एवढंच नाही.

हुलकर : मग?

सालिहा : तू मार्चमध्ये लावली असतीस आणि दोन दिवसांनी ताशकंदला परत गेली असतीस. मग ऑगस्टपर्यंत पाणी कोण घालणार? फुलांवरची पाखरं कोण हाकलणार? शेजारच्या मळ्यातलं केशरी फुलून आपलं बी बाटवायच्या आत कोण भांडून उपटायला लावणार? त्यानं तुला फोनवर दोनदा सांगितलं. मी त्याच खोलीत होते. त्याचे पाय चेपत होते. मला एकदाही म्हणाला नाही की सालिहा, तू बघ.

हुलकर : मी परत जाणार नव्हते.

सालिहा : काय?

हुलकर : दवाखान्यातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतलीय. ऑगस्टअखेरपर्यंत. वॉर्डात माझ्या जागी दुसरी नर्स ठेवलीसुद्धा.

सालिहा : हे मला कधी सांगितलंस?

हुलकर : म्हटलं, आल्यावर सांगू.

सालिहा : त्याचीच पोर.

तोशमात : बघा, चहा गार होतोय. दोघींनी घोट घोट घ्या. वहिनी, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

हुलकर : तू राग काढलास, आई. मेलेल्या माणसावर.

सालिहा : काढला असेल. एक्केचाळीस वर्षांत कधी काढला नव्हता, मला काढता येतो की नाही तेही ठाऊक नव्हतं. निवडताना तो प्रत्येक गाजराच्या शेपटाचा तुकडा कापायचा, चावायचा, डोळे मिटायचा आणि कापलेल्या जागेला राख लावून मला द्यायचा. हे ठेव, हे नको, हे ठेव. ठेवायचं म्हणाला की डोळे उघडताना त्याचा चेहरा असा व्हायचा... जाऊ दे. मी एकदा म्हटलं, मलाही दे एक तुकडा, बघू तरी काय एवढं असतं. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. म्हणाला, हे खायचं गाजर नाही. घरखर्चातलं खा.

तोशमात : तो तसाच होता. मलाही कधी दिलं नाही.

सालिहा : तू खाल्लंस की आज.

तोशमात : खाल्लं, वहिनी. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं कढईपुढे उभा आहे, असं गाजर शिजवलं नव्हतं. साखरेचा कण घातला नाही आणि म्हातारे विचारत होते, काय घातलंस म्हणून. न्हावी रडला.

हुलकर : आणि तू? तू तरी पोटभर खाल्लंस ना, आई?

सालिहा : पुरुषांच्या चार पंगती झाल्या. मशिदीकडून आणखी माणसं आली, त्यांना वाढलं.

तोशमात : मी बायकांसाठी तीन ताटं पाठवली होती, वहिनी. स्वतः भरून पाठवली.

सालिहा : आली ना. तुझ्या हाताला दोष नाही. शेवटची होती, तांदूळ होता. गाजर वेचून संपलं होतं तोवर.

हुलकर : एकही नव्हतं?

सालिहा : ताट मी पुसलं बोटानं. तेलाला थोडी गोडी होती, बहुतेक.