लाडू विरुद्ध गजक

शांताराम : पडदा अजून थोडा ओढ. आत कोण काय टाकतंय ते बाहेरून दिसता कामा नये.

स्वरूपा : बाबा, यार, हळदीकुंकू आहे! आईच्या मैत्रिणी येतायत आणि तुम्ही बेडरूमचं पोलिंग बूथ करून टाकलंय.

अलका : मीच सांगितलंय त्यांना. दर संक्रांतीला बायका येतात, वाण घेतात, जातात. यंदा म्हटलं, मत द्यायची प्रॅक्टिस करू. दिल्ली नगर निगमची निवडणूक तोंडावर आलीय. त्या सब्बरवाल आंटी सांगत होत्या, आजवर त्यांचे साहेब सांगतील त्याच चिन्हावर बोट ठेवलं त्यांनी.

स्वरूपा : आणि उमेदवार कोण?

अलका : एकीकडे माझा तिळाचा लाडू, दुसरीकडे बाजारातली गजक, ती इथली कुरकुरीत तीळपट्टी.

स्वरूपा : तुझ्या घरात बसून तुझ्या लाडवाविरुद्ध कोण मत देणार?

अलका : तेच तर बघायचंय मला.

शांताराम : डब्यात राजम्याचा दाणा टाकला की मत गजकला, चवळीचा टाकला की लाडवाला. बाहेर येताना डाव्या तर्जनीला काजळ. शाई नाही म्हणून काजळ, पण खूण ही हवीच.

स्वरूपा : तुम्ही पण टाका ना मत.

शांताराम : ड्युटीवरच्या माणसाला कसलं मत? नोकरीत असेपर्यंत प्रत्येक निवडणुकीला ड्युटी केली. नरेला, नजफगढ, कुठे कुठे गेलो. हजारो बोटांना शाई लावली, स्वतःच्या बोटाला एकदाही नाही.

अलका : हे काय छाती फुगवून सांगताय? मतदारयादीत नाव कुठे, तर वाईला! अर्धं आयुष्य दिल्लीत काढलं आणि मत म्हणून दिलं नाही.

स्वरूपा : पण वाईला आता आपलं आहे कोण?

शांताराम : कोणी नाही. घर विकलं, भाऊ पुण्याला गेला. मतदारयादीत नाव तेवढं राहिलंय. इथे घातलं की तिथलं कापतात. मग वाईत माझं काहीच उरत नाही, अलका.

अलका : कळतं हो मला. पण रोज बाल्कनीतून पार्कातल्या बंद दिव्यांवर खेकसता, ते दिवे कुठले? वाईचे का? इथे नाव घालायची परवा शेवटची तारीख आहे. फॉर्म टीव्हीवर ठेवलाय. यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

स्वरूपा : बेल वाजली! चलो, चलो, आई, अत्तरदाणी!

(पाहुण्या नुकत्याच गेल्या आहेत. जेवणाच्या टेबलावर डबा उपडा केलेला.)

स्वरूपा : राजमा, राजमा, राजमा... आई, तू तर साफ झालीस!

अलका : आणि ती सब्बरवाल? 'अलकाजी, ऐसे लड्डू तो हमारी दादी भी नहीं बनाती थीं' म्हणत चार लाडू रिचवले तिने!

शांताराम : खाणं वेगळं, मत वेगळं. निकाल मान्य आहे ना?

अलका : मान्य? अहो, मला नाचावंसं वाटतंय! माझ्या सोफ्यावर बसून मलाच पाडलं. म्हणजे बरोब्बर कळलं त्यांना.

स्वरूपा : उखाण्यानंतर तू म्हणालीस ना, 'नाम पति का लीजिए, वोट अपना दीजिए', ते आंटीने एकदम मनावर घेतलं. अंकलचा फोन आला, किसको डाला विचारायला. आंटी म्हणाली, 'जी, वो तो गुप्त है.' आणि अशी हसली, लाजून लाल!

अलका : बाई गं! आता साहेबांना झोप लागायची नाही.

स्वरूपा : रुको. एक चवळी आहे इथे. एकच. आई, स्वतःलाच दिलंस ना?

अलका : छे! मी गजकला दिलं. पंधरा दिवस लाडू वळतेय, आता वाससुद्धा नको झालाय.

स्वरूपा : मी पण गजक. बाबा, हात दाखवा. तो नाही, डावा. आई, बघ, काजळ!

शांताराम : बायकांना लावताना लागलं असेल.

स्वरूपा : लावायला काडी होती तुमच्याकडे. उजव्या हातात.

शांताराम : मतदान गुप्त असतं. अधिकाऱ्याला असले प्रश्न विचारू नयेत.

अलका : अहो, पण आत गेलात कधी?

शांताराम : तुमचे उखाणे चालले होते तेव्हा. इतकी वर्षं ती आडोशाची जागा मीच लावून द्यायचो, अलका. आत उभं राहिलं की कसं वाटतं, ते ठाऊकच नव्हतं. कुणी सांगणारं नाही, कुणी बघणारं नाही. फार बरं वाटलं गं.

अलका : आणि दिलंत कुणाला, तर सगळ्यांनी पाडलेल्या लाडवाला!

शांताराम : मला आवडतो. ...स्वरूपा, टीव्हीवरचा तो फॉर्म आण बघू. माझा चष्मा सापडत नाहीये, तूच लिही.

स्वरूपा : जन्मस्थान?

शांताराम : वाई, जिल्हा सातारा. नीट, ठळक लिही. ते काही कुणी कापत नाही.

स्वरूपा : आणि पत्ता?

शांताराम : हाच. दुसरा कुठला? अलका, आपलं बूथ कुठे असतं गं?

अलका : पार्कापलीकडच्या शाळेत. मी येऊ बरोबर?

शांताराम : ये की. पडद्यापर्यंत.