कुरणाची सहल

बैहरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर शाळेच्या बाई आणि शेवंताबाई बोलत होत्या.

"शेवंताबाई, उद्या जंगलातल्या कुरणात पोरींची सहल आहे. पुष्पाले पाठवता ना?"

"नाही बाई. वाघ हाय तिथं."

"जीपमधूनच पाहू. बारासिंगे दाखवतो पोरींले."

"तिचा बाप त्याच कुरणात गुरं चारते. जंगलखात्याच्या नाकेदारानं दोनदा हाकललं. अन् तुमी पोरीले तिथंच नेऊन राह्यल्या?"

"म्हणूनच नेतो. बारासिंगा गवतावरच जगते. गुरांनी गवत संपवलं, तर तो काय खाईन? हे पुष्पा पाहून येईन अन् बापाले सांगन."

"नाकेदाराचं नाही आयकलं त्यानं."

"पोरीचं आयकते?"

"हौ, तिचंच आयकते."

"मग पाठवा."

"पाठवतो. अन् जागा असन तर मी बी येतो. दोघींनी सांगतलं, तर कुठं जाईन तो!"