कोठारातले आठ टायर

बेकर्सफील्डच्या टायरच्या दुकानात, रांगेतल्या विल्माचे कान पुढच्या म्हाताऱ्याकडे लागले होते. त्या म्हाताऱ्याने, डेल्बर्टने, आपल्या एकोणीसशे बत्तीस सालच्या फोर्डसाठी पांढऱ्या पट्ट्यांचे चार टायर आणले होते आणि दुकानदार मर्ल ते निरखत होता.

“कोठारात सापडले बघ, कागदसुद्धा निघाला नव्हता! जुन्या गाडीला जुनाच टायर शोभतो.”

“काका, कडेला तारखेचे तीनच आकडे आहेत, नव्या टायरवर चार असतात. म्हणजे सन दोन हजारच्या आधीचा माल.”

“पण नक्षी बघ की! रस्ता पाहिलेला नाही त्यांनी.”

“नक्षीला काय चाटायचंय? नुसता दाबला तरी चिरा पडतायत. जोरात पळवलात तर चिंध्या होतील.”

डेल्बर्टने टायरवरचा हात मागे घेतला.

“काका? काय झालं?”

“आठ होते रे.”

“मग बाकीचे चार?”

“लेकीच्या गाडीला बसवले. सकाळीच निघाली नेडीन, रिनोला, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला. मीच म्हटलं, टायर कोरे आहेत, बिनधास्त पळव.”

“अहो, मग फोन लावा तिला!”

डेल्बर्टने फोन कानाला लावला. घंटी वाजत राहिली.

“नाही उचलायची. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच शिकवलंय तिला.”