चार आळ्यांची पोच

मंडळी, आपण सगळे वेळेवर आलात. पाचही आळ्यांतून आलात. खुर्च्या कमी पडल्या, मागे काही जण उभे आहेत. मला बोलणं जड जातंय. म्हणून आधी फक्त घडलेलं सांगते. क्रमाने, विशेषणं न लावता.

एक. गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या खालच्या आळीच्या वाटेवर पाण्याचा टँकर आला. सोबत पंप, ड्रायव्हर आणि दोन माणसं.

दोन. माझ्या काकांनी ओटीवरच्या पेटीचं लाल बटण दाबलं. पाचही आळ्यांत भोंगा वाजला.

तीन. काका बावखलाच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, वाटेवर जाऊन उभे राहिले. एकटे. हातात काही नव्हतं.

चार. उरलेल्या चारही आळ्यांनी हिरवं बटण दाबून पोच दिली. आमच्या ओटीवरच्या फळीवर चार दिवे लागले.

पाच. कोणीही आलं नाही.

सहा. टँकर भरला आणि गेला.

सात. काका वाटेच्या कडेला बसले आणि तिथेच गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. अंगावर जखम नव्हती.

यात कोणाला काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ता सांगा. मी थांबते.

नाही? ठीक आहे.

माझ्या आधी तिघे बोलले. एकाने काकांना शांततेचा पुजारी म्हटलं. एक म्हणाले, सर म्हणजे वेडा माणूस, पण सोन्यासारखा. आबा, तुम्ही मोठ्या आळीचे. वयाने मोठे, मानाने मोठे. तुम्ही म्हणालात, ‘ते फार आदर्शवादी होते.’ आबा, हा शब्द सोयीचा आहे. मेलेल्या माणसाला आदर्शवादी म्हटलं की जिवंत माणसांवर काही उरत नाही.

काका आदर्शवादी नव्हते. त्यांनी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. राष्ट्रं एकमेकांशी कशी वागतात, लढाया कशा थांबतात, का थांबत नाहीत, हा त्यांचा विषय. माणूस कधी पाठ फिरवतो हे त्यांना इथल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. कॉलेजातली मुलं त्यांना मागून ‘जागतिक शांतता’ म्हणायची. ते काकांना माहीत होतं. ते म्हणायचे, ‘निदान मुलांनी धड्याचं नाव तरी लक्षात ठेवलं.’

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. टेलिफोनच्या यंत्रांची देखभाल करते. मला सिद्धांत कळत नाहीत, बिघाड कळतात. पण भोंग्याच्या पाच पेट्या मी बनवल्या. सगळ्या रविवारी, काकांच्या ओटीवर बसून. मी तारांना डाग देत होते, ते बोलत होते. त्यातलं जेवढं ऐकलं तेवढं सांगते.

पाच आळ्यांचा करार तुम्ही सगळ्यांनी सह्या करून घरी ठेवला आहे. इमारती उठल्या, नळाला पाणी नाही, टँकर आपल्या बावखलांवर यायला लागले. इतकं उपसलं की खालून खारं पाणी वर आलं. वरच्या आळीतल्या पानवेली गेल्या तेव्हा तुम्ही काकांकडे आलात. ‘सर, काहीतरी करा.’ आणि काकांनी त्यांना येत होतं ते केलं.

ते मला म्हणाले, ‘सामूहिक सुरक्षेची कल्पना साधी आहे. एकावर हल्ला झाला की तो सगळ्यांवर झाला, असं सगळ्यांनी मानायचं. मग येणाऱ्याला समोर एक वाडी दिसत नाही, पाच आळ्या दिसतात. तो येतच नाही.’

‘आणि आला तर?’

‘तर सगळ्यांनी जायचं.’

‘जातील याची खात्री काय?’

‘हाच तर सगळा विषय आहे, बाय.’

मग त्यांनी सांगितलं. वास्तववादी म्हणतात, कोणी जात नाही. शेजाऱ्याच्या माडाला आग लागली की माणूस आधी वारा कुठला आहे ते बघतो. आपल्याकडे येत नसेल तर बसतो. उदारमतवादी म्हणतात, बसतो, कारण दुसरा जाईल की नाही ते त्याला ठाऊक नसतं. नियम करा, वरचेवर भेटा, निरोपाची सोय करा, म्हणजे संशय कमी होईल आणि तो उठेल. तिसऱ्यांना रचनावादी म्हणतात. त्यांचं म्हणणं, ‘आपण’ म्हणताना माणूस कोणाकोणाला धरतो, त्यावर सगळं आहे. आणि चौथे असतात, ते विचारतात की ही शांतता कोणाची? कोणाला तहानलेलं ठेवून?

हे चौथं काकांना फार लागायचं. ते म्हणायचे, ‘नायगावला नव्या इमारतीतल्या बायका हंडे घेऊन जिन्यात उभ्या असतात. त्या काही आपल्या शत्रू नाहीत. टँकरला मारायचं नाही. थांबवायचं.’

आतून काकू ओरडायच्या, ‘जगाचं मिटलं असेल तर दुकानातून हिंग आणा!’

काका पहिल्या तिघांनाही थोडंथोडं मानत. म्हणून नियम केले, दर महिन्याला बैठक ठेवली आणि माझ्याकडून पेट्या करून घेतल्या.

आता कराराचं तिसरं कलम. ‘इशारा मिळताच प्रत्येक आळी पोच देईल.’ चौथं कलम. ‘एकमत झाल्यावर प्रत्येक आळी पाच माणसं पाठवील.’ आबा, ‘एकमत झाल्यावर’ हे शब्द तुमचे. त्या बैठकीला मी होते. तुम्ही म्हणालात, ‘आमची आळी मोठी, माणसं आमची जास्त जाणार. आम्हाला विचारल्याशिवाय काही व्हायचं नाही.’ काकांनी ते शब्द घातले.

घरी येताना मी विचारलं, हे का मान्य केलंत? ते म्हणाले, ‘जगातसुद्धा बलाढ्यांना नकाराचा हक्क द्यावाच लागला. नाहीतर ते बाहेर राहतात आणि करार कागद होतो. आत असले तर निदान सभेला बसतात.’

मी म्हणाले, ‘मग हा सुरक्षेचा करार नाही. सभेला बसण्याचा आहे.’

ते खूप हसले. मला आता वाटतं, हसायला नको होतं.

मंडळी, या आठवड्यात मी चारही आळ्यांत जाऊन आले. भांडायला गेले नव्हते. बिघाड कुठे झाला ते शोधायला गेले. पेट्या तपासल्या. पाचही चालू आहेत. त्या बॅटरीवर चालतात, तेव्हा वीज नव्हती असं कोणी सांगू नये.

वरच्या आळीतले दादा इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ते मला म्हणाले, ‘भोंगा वाजला तसं मी धावत जाऊन बटण दाबलं बघ. पहिला दिवा माझाच असणार!’ दादा, तुमच्या आवाजात अभिमान होता. तुम्ही खरंच धावलात. पेटीपर्यंत.

मी विचारलं, पुढे?

‘पुढे काय? बाकीच्यांनी पण दाबलं असेल ना.’

मी त्यांना दोष देत होते आणि ते मला समजावत होते, की त्यांचं काम त्यांनी केलं. मग मी दुसऱ्या दोन आळ्यांत गेले. तिथेही तेच. एकीकडे म्हणाले, फुलं काढायची घाई होती, पण आम्ही दाबलं. दुसरीकडे म्हणाले, आमच्या बावखलावर तर तो आला नव्हता, तरी आम्ही दाबलं. ‘तरी’ म्हणाले. उपकार केल्यासारखं. आबा, तुम्ही दारातच सांगितलंत, ‘एकमत झालं नव्हतं.’ बरोबर आहे. एकमत करायला कोणी घराबाहेर पडलं नव्हतं.

टँकर तुमच्या व्याह्यांचा आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत. ते मी सांगते. कराराने धरलं होतं की हल्ला बाहेरून येईल.

जगाच्या मोठ्या सभागृहातही हेच होतं. या दहा वर्षांत आपण टीव्हीवर पाहिलं. तीव्र चिंता व्यक्त होते. ठराव होतो. हात वर होतात, मोजले जातात. आणि जिथे माणसं मरत असतात तिथे निळ्या टोपीतले थोडे शिपाई उभे असतात. त्यांना हुकूम एवढाच, की उभे राहा. हात वर करणाऱ्याला वाटतं, आपण गेलो होतो. तुम्हालाही तसंच वाटतंय. म्हणून तर तुम्ही इथे माझ्याकडे सरळ बघू शकता.

यात माझा भाग सांगते. यंत्रात पोच म्हणजे इशारा पोचला, एवढंच. माणूस येतोय, असा तिचा अर्थ नाही. हे मला रोजच्या कामात माहीत आहे. तरी मी तुम्हाला घरात बसून दाबायचं बटण दिलं. दिवा बावखलाच्या वाटेवर माणूस पोचल्यावर लागायला हवा होता. मला सुचलं नाही. ती चूक माझी आहे, आणि ती किती महाग पडली ते ऐका.

काकू त्या वेळी ओटीवर होत्या. इथे पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांच्यासमोरच बोलते, त्यांनी परवानगी दिली आहे. काका वाटेवर गेले तशा त्या मागून निघणार होत्या. पायात चपला घातल्या होत्या. तेवढ्यात एक दिवा लागला. मग दुसरा. मग एकदम दोन. काकू मला म्हणाल्या, ‘चारही लागले. म्हटलं, आता वीस माणसं जातील. मी बाई तिथे जाऊन काय करू? चहा टाकते, सगळे इकडेच येतील.’

त्यांनी चपला काढल्या. मोठं पातेलं चढवलं. वीस माणसांचा चहा केला.

तुम्ही कोणी बटण दाबलं नसतं, तर त्या गेल्या असत्या.

वाटेवर काय झालं, ते या करारात नसलेल्या एका बाईने पाहिलं. राजोडीहून मासळी घेऊन येणारी मावशी. ती टोपली उतरवून तिथेच थांबली. तिने सांगितलं ते असं.

ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, साइड द्या ना. मला ड्यूटी आहे.’ काका म्हणाले, ‘पाच मिनिटं थांब. बाकीचे येतायत, बोलू.’ तो थांबला. बिडी ओढली. परत म्हणाला, ‘कुठं आहेत बाकीचे?’ काका म्हणाले, ‘येतायत.’ त्याची माणसं हसली. एक म्हणाला, ‘काकांची बारात येतेय!’ आणखी थोड्या वेळाने ड्रायव्हरने तिसऱ्यांदा विचारलं. काका म्हणाले, ‘येतायत.’ तेव्हा कोणी हसलं नाही. मावशी म्हणाली, ‘त्या डायवरनं मान खाली घातली. त्याला पन समजलं.’

मग टँकरवाल्यांनी पंप वाटेवरच ठेवला आणि पाइप हातांनी ओढत नेला. काकांच्या पायाजवळून. मावशी म्हणाली, ‘मी म्हनलं, मास्तर, पाय द्या त्याच्यावर! तं म्हनाले, नाय, तसं नाय करायचं.’

इथे काका चुकले. मी हे त्यांच्या फोटोसमोर म्हणते. निळ्या टोपीतला शांतिरक्षक दोन्ही बाजूंच्या संमतीने मध्ये उभा राहतो, कोणाची बाजू घेत नाही, बळ वापरत नाही. सामूहिक सुरक्षेत तसं नसतं. तिथे चूक कोणाची ते ठरतं आणि सगळे त्याच्यावर चालून जातात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी करार केला दुसरीचा आणि स्वतः उभे राहिले पहिलीसारखे. कारण मागून तुम्ही येणार होतात. तुम्ही असतात, तर त्यांचं नुसतं उभं राहणंही पुरलं असतं. तुम्ही नव्हतात, म्हणून एका म्हाताऱ्या माणसाच्या पायाजवळून पाइप गेला आणि तो बघत राहिला. कितीतरी वेळ. पंप चालू होता तोवर.

मग ते बसले. मावशीने त्यांना पाणी पाजलं. आपल्या पाच आळ्यांतलं त्या वेळी तिथे कोणी नव्हतं.

आज तुम्ही दोनशे जण आहात. मी दारातून मोजलं. मंगळवारी वीस पुरले असते.

आता पुढचं. सोमवारी टँकर परत येणार आहे. ड्रायव्हरने स्वतः मावशीजवळ निरोप ठेवला, ‘त्या काकूंना सांगा, मला पाठवतात, मी काय करू.’ काकू म्हणतात, सोमवारी त्या वाटेवर उभ्या राहणार. मी समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘तुझे काका एकटे उभे राहिले, तेव्हा मी चहा करत होते. आता मला घरात बसव बघू.’

त्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुम्ही येणार असाल तर मी त्यांना अडवणार नाही, मीही शेजारी उभी राहीन. येणार नसाल तर मी त्यांना रविवारी विरारला माझ्या घरी नेणार आहे. ओढत न्यावं लागलं तरी. मग वाडीला कुलूप लागेल आणि बावखल टँकरचं होईल. आमचं खारं झालं की तुमची पाळी. त्या वेळी भोंगा वाजवायला आमच्या आळीत कोणी नसेल.

मला वचन नको. हात वर करू नका. इथे रडूही नका, काकूंना त्रास होतो.

आता दोन मिनिटं उभे राहू. काका, तुम्हाला माझा नमस्कार. तुम्ही चुकलात, पण वाटेवर होतात.

उभे राहण्याआधी एकच विनंती. प्रत्येक आळीने सोमवारी सकाळी नऊ वाजता वाटेवर येणाऱ्या पाच माणसांची नावं कागदावर लिहून द्यावीत, किंवा ‘येणार नाही’ असं लिहून द्यावं. कागद माझ्या हातात हवा. मी शनिवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत काकूंच्या ओटीवर आहे. तोवर उत्तर द्यावं.