कुठलाही सेल चालणारी बॅटरी

माझ्या उत्साहाला हसतच आहात, तर हेही ऐका. दिल्लीहून शिकून आलो आणि बारवी धरणापलीकडच्या पाड्यावर शाळा घेऊ लागलो. तिथली सुईण हिरूआत्या रॉकेलच्या चिमणीवर बाळंतपणं करायची. म्हटलं, "आत्या, थोडी थांब. नवी छोटी बॅटरी येतेय. जाडा, मधला, पेन्सिल, कुठलाही सेल चालतो."

दर शनिवारी एसटीचे धक्के खात उल्हासनगरला जायचो. सिंधी दुकानदार म्हणायचा, "साईं, अगले हफ्ते पक्का." तीन महिने गेले. तेवढ्यात चिमणीवरच चार पोरं जन्मली.

शेवटी बॅटरी आली. आत्यानं महिनाभर वापरली आणि परत आणून दिली.

"सेल संपले? अगं, कुठलाही चालतो!"

"चालतो रं मास्तर. पन हितं कुठलाच मिलत नाय."